वीतभर पुढे

गॅरेजच्या दाराला आतून
तौनोनं कागद डकवलाय, ठसठशीत अक्षरांत,
जणू मी त्याची थोरली बहीण नाही,
कालच कामावर लागलेली पोरगी आहे.
टाकी काठोकाठ भर. रिकाम्या जागेत ओल धरते.
चाकांत हवा जरा जास्तच.
हँडब्रेक ओढू नकोस, चिकटून बसतो.
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित:
हिवाळ्यात चालू करायची नाही.
पाच मिनिटं तर मुळीच नाही.
अर्धवट जागं करण्यापेक्षा झोपलेलं बरं.

पहिला बर्फ भुरभुरला की
काउंटीचे ट्रक रस्त्यावर मीठ फेकत जातात.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणे.
कॅल्युमेटमध्ये मीठच खातं:
दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी.
ऑर्व्हिलच्या ट्रकचा पत्रा तर
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात येतो.
म्हणून ही नारिंगी डॅट्सन, बाहत्तर सालची,
मे ते सप्टेंबर एवढीच जगते,
तेही कोरड्या रविवारी.
पन्नास वर्षांत जेमतेम एकतीस हजार मैल.
तुझं लग्न याहून कमी चाललं,
असं मी एकदा बोलून गेले.
तो बोनेट पुसत राहिला.

आता पुसणारी मी.
सायलेन्सरच्या नळीत तारेची घासणी कोंबते,
सीटखाली पुदिन्याच्या तेलाचे बोळे.
एका वर्षी विसरले, तर उंदरांनी
एअर फिल्टरमध्ये सूर्यफुलाच्या बिया साठवल्या
आणि अंथरायला माझ्याच पायमोज्याची लोकर.
बॅटरीला छोटा चार्जर,
पाखराच्या पिल्लाला कापसानं पाजावं
तशी तो रात्रभर थेंब थेंब वीज पाजतो.
वरून सुती खोळ.
आणि दर महिन्याच्या एक तारखेला
मागच्या बंपरला पाठ लावून, बूट फरशीत रोवून
गाडी वीतभर पुढे ढकलते,
एकाच अंगावर राहून चाकं चपटी पडू नयेत म्हणून.
नोव्हेंबर ते एप्रिल, सहा विती.
माझी पाठ त्र्याहत्तर वर्षांची आहे.

हॅनकॉकच्या शुश्रूषागृहात त्यालाही
दर दोन तासांनी कुशीवर वळवतात.
तिथल्या पोरीनं कारण सांगितलं.
माहीत आहे, म्हटलं.

जानेवारीत, सरोवरावरून सलग तीन दिवस
बर्फ येत होता, तेव्हा त्याचा फोन.
रात्रीचे नऊ.
"आइली, चालू कर ना. एकदाच ऐकव."
"तूच लिहिलंयस, करायची नाही."
"मी? कुठे?"

फावड्यानं वाट काढत गॅरेज गाठलं.
खोळ उचलून आत बसले. सीटचं कातडं कडकडलं.
किल्ली फिरवायला काय लागतं?
पण तेल थिजलेलं, नळीत घासणी,
आणि समोर दारावर तो कागद.

मग फोन तोंडाशी धरला
आणि घशातून आवाज काढला,
सौनामागच्या ओंडक्यावर मागे-पुढे बसून
लहानपणी काढायचो तसा.
घुर्र. घुर्र. चोकचा एक ठसका.
मग लांबलचक घर्रर्र, दम संपेपर्यंत.

पलीकडे काहीच नाही.
काचेवर माझीच वाफ.
कळलं याला, असं वाटलं. रडतोय, असं वाटलं.

"दुसरा गिअर फार लवकर टाकलास," तो म्हणाला.
"कॉपर हार्बरचा चढ आहे. ओढू दे तिला जरा."
ओढू दिलं.
"आता हळू. इथे हरणं येतात."
हळू केलं.
झाडी संपून पाणी दिसेपर्यंत
तो बोलत होता, मी गाडी होते.
मग फोनवर नुसतं घोरणं,
माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं इंजिन.

उतरताना सवयीनं हँडब्रेक ओढला.
दारापर्यंत गेल्यावर आठवलं.
परत येऊन सोडला.